दाराशी न आलेले पार्सल

बालाघाटसारख्या वैनगंगाकाठच्या गावी एखादी दुर्मीळ वस्तू हवी असली, की पूर्वी नागपूर वा जबलपूरला जाणाऱ्याची वाट पाहावी लागे. ऑनलाइन खरेदीने ही अडचण दूर केली. मात्र तक्रार ऐकणारा माणूस हरवला. मी दिवसभर दवाखान्यात असताना ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा संदेश आला. दूरध्वनीवर ‘एक दाबा, दोन दाबा’ यापलीकडे उत्तर नाही. पुस्तक असते तर थांबलो असतो. पार्सलमध्ये आईचे इन्सुलिन होते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा गुण घटतो आणि नुसत्या नजरेला ते नेहमी कळत नाही. म्हणून तीन दिवसांनी आलेले पार्सल मी परत केले. तोवर गावातील औषधविक्रेत्यानेच वेळ निभावून नेली.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेही दाद मागता येते. विक्रेत्याच्या शहरी जावे लागत नाही. डॉक्टर बंधुभगिनींनी आपल्या रुग्णांनाही हे अवश्य सांगावे.