यंत्रांचा बिनतारी दुभाषी

नदीकाठच्या पंपगृहात पंप चालू असतो आणि दीड-दोन किलोमीटरवरील टेकडीवरची टाकी भरत असते. टाकी किती भरली, हे पंपाला कळावे कसे? पूर्वी एखादा कर्मचारी टाकीपाशी जाऊन पाण्याची पातळी पाही आणि ती पंपगृहाला कळवी. पुढे तार आली. परंतु रस्ते, ओढे आणि परक्यांची शेते ओलांडून तार नेणे खर्चाचे, आणि ती अखंड राखणे त्याहूनही कष्टाचे. म्हणून आज हे काम पुष्कळ ठिकाणी बिनतारी अ‍ॅडॉप्टरकडे सोपविले जाते. ही लहानशी पेटी नेमके काय करते, आणि तिच्या हाती कारभार देताना कोणती सावधगिरी राखावी लागते, हे समजून घेण्याजोगे आहे.

कारखान्यातील यंत्रांना आपापली भाषा असते. त्यांपैकी फार रूढ झालेली एक भाषा म्हणजे मॉडबस. अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ साली प्रसिद्ध केली. तिचे व्याकरण अगदी साधे आहे. एक यंत्र विचारणारे असते, बाकीची उत्तर देणारी. विचारणारे यंत्र म्हणते, ‘क्रमांक ७, तुझ्या अमुक कप्प्यातील आकडा सांग.’ क्रमांक ७ तेवढा आकडा सांगून गप्प बसते. प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचा आकडा असतो. वाटेत संदेश बिघडला तर हा आकडा जुळत नाही, आणि तो संदेश टाकून दिला जातो. हे संभाषण बहुधा आरएस-४८५ पद्धतीच्या, एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारांवरून चालते. गती कमी ठेवली तर ते सुमारे १२०० मीटरपर्यंत पोहोचते.

बिनतारी अ‍ॅडॉप्टर हा या संभाषणातील दुभाषी होय. त्याच्या एका बाजूस यंत्राच्या तारा जोडतात. दुसऱ्या बाजूने तो बिनतारी जाळ्याशी बोलतो. तारेवरचा संदेश तो जणू पाकिटात घालतो, वर पत्ता लिहितो आणि लहरींच्या स्वाधीन करतो. पलीकडे पाकीट फोडून मूळ संदेश बाहेर काढला जातो. आपण तारेवरच बोलत आहोत, असेच जुने यंत्र समजते. चांगले चालणारे यंत्र मोडीत न काढता जाळ्यात आणता येते, हे या युक्तीचे मोल.

मात्र लहरींचा स्वभाव ओळखावा लागतो. वायफायसाठी वापरल्या जाणाऱ्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. लोखंडी पत्रे, टाक्या आणि नळ तिला परतवून लावतात. एरियल लोखंडी पेटीत बंद ठेवणे म्हणजे दुभाष्याचे तोंड बांधणे होय; ते पेटीबाहेर, उंचावर हवे. शिवाय बिनतारी संदेशास कधी विलंब लागतो, म्हणून उत्तराची वाट पाहण्याची मुदतही वाढवून ठेवावी लागते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. तार ही संदेशाची वाट होती, तसेच ती कुंपणही होती. मूळ मॉडबसमध्ये ‘तू कोण?’ असे विचारण्याची रीतच नाही. विचारील त्याला उत्तर, सांगेल त्याची आज्ञा. तार भिंतीआड होती तोवर हे चालून गेले. लहर भिंत ओलांडते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अदृश्य लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारूही पेटवून दाखविली. आज्ञा कोणाची, हे लहर पाहत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील मरूची येथे २००० साली याचा दाहक अनुभव आला. तेथील सांडपाण्याच्या पंपांना रेडिओवरून आज्ञा जात. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एका असंतुष्ट माणसाने संगणक आणि रेडिओ यांच्या साहाय्याने खोट्या आज्ञा धाडल्या. पंप बंद पडत, इशारे पोहोचत नसत. प्रथम हा यंत्रणेचाच दोष वाटला. सुमारे आठ लाख लिटर मैलापाणी उद्यानांत आणि नदीनाल्यांत शिरले. पुढच्या वर्षी त्या माणसास दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

तेव्हा तारेचे कुंपण गेल्यावर दुसरे उभारणे क्रमप्राप्त ठरते. संदेश सांकेतिक लिपीत जावेत, कारखान्याहून आलेला मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा, यंत्रांचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून वेगळे राखावे, आणि नुसता आकडा वाचायचा तेथे आज्ञा देण्याची मुभा ठेवू नये. निरोप येणे थांबले तर ठराविक वेळाने पंपाने आपण होऊन थांबावे. आणि संकटकाळी यंत्र बंद करण्याचे लाल बटण मात्र यंत्राशेजारी, स्वतःच्या तारेनेच जोडलेले असावे. दुभाष्याने निरोप अवश्य पोहोचवावेत. पण जेथे माणसाचा जीव गुंतला आहे, तेथे त्याच्या येण्याची वाट पाहावी लागू नये.