चार क्लिक, सहा गोळ्या आणि एक कागद

‘शोले’मधला तो सीन आठवतोय? गब्बर सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, सिलिंडर गर्रकन फिरवतो आणि समोर उभ्या असलेल्या तिघांसोबत आख्खं थिएटर श्वास रोखून धरतं. १९७५ सालच्या आपल्या रामगढवर दाट सावली होती ती अमेरिकन वेस्टर्न सिनेमांची. घोडा, धूळ, हॅट आणि कमरेला रिव्हॉल्व्हर! अमेरिकेत ही जुनी रिव्हॉल्व्हर्स जमवणारे हजारो हौशी लोक आहेत. आपल्याकडे जशी कुणी जुनी नाणी जमवतं, तशी.

मला स्वतःला बंदुकांचं आकर्षण झीरो. पण एखाद्या वस्तूपायी ठार वेडी झालेली माणसं मला भारी आवडतात. डॅलसला राहणारा माझा आतेभाऊ त्यांच्यातलाच. दादाला या विषयावर छेडलं, की फोन तासभर ठेवत नाही.

घोडा ओढा, मग चाप

‘सिंगल ॲक्शन’ म्हणजे काय? तर चाप फक्त एकच काम करतो. आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तेव्हा सिलिंडर एक घर पुढे सरकतो. मग चाप दाबला, की घोडा सुटतो. प्रत्येक गोळीसाठी पुन्हा तेच. या जातीचा राजा म्हणजे १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी, टोपणनाव ‘पीसमेकर’. गंमत म्हणजे ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं, तो सॅम्युअल कोल्ट १८६२ मध्येच गेला होता.

“घोडा हळू ओढलास ना, की चार क्लिक ऐकू येतात,” दादा सांगतो. “शौकीन म्हणतात, ते सी-ओ-एल-टी म्हणतंय!”

१९४० पर्यंत अशी साडेतीन लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर्स बनली आणि मग कोल्टने उत्पादन थांबवलं. पण पन्नाशीच्या दशकात टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट आली आणि मागणी पुन्हा वाढली. १९५३ मध्ये रूगर कंपनीने स्वतःचं सिंगल ॲक्शन बाजारात आणलं, १९५६ मध्ये कोल्टनेही जुनं मॉडेल परत सुरू केलं. कलेक्टर मंडळी म्हणूनच कोल्टबद्दल बोलताना आधी विचारतात, कितवी जनरेशन? १९४० पर्यंतची पहिली, १९५६ नंतरची दुसरी आणि १९७६ पासूनची तिसरी. सगळ्यात जास्त भाव अर्थातच पहिलीला.

घासू नका, प्लीज!

दिवाळीला आपण पितळेची भांडी चिंच लावून लखलखीत करतो. जुन्या कोल्टबाबत असं काही केलंत, तर किंमत धाडकन खाली. हाडांच्या कोळशात तापवलेली फ्रेम पाण्यात बुडवली, की तिच्यावर निळे, करडे, तपकिरी ढग उमटतात. दीडशे वर्षांत ते फिके पडतात, नळीची निळाई झिजते. हीच झीज कलेक्टरला हवी असते. पुन्हा पॉलिश केलेल्या चकचकीत पीसपेक्षा, कुणी हात न लावलेला मळकट पीस भाव खाऊन जातो.

नंबर जुळणंही महत्त्वाचं. एकाच रिव्हॉल्व्हरच्या वेगवेगळ्या भागांवर कोरलेले आकडे सारखे हवेत. अपवाद आहे ‘आर्टिलरी’ मॉडेलचा. १८९० च्या दशकात सैन्याने साडेसात इंची नळ्या कापून साडेपाच इंची केल्या. या कामात सुट्या भागांची सरमिसळ झाली. त्यामुळे इथे न जुळणारे नंबर हा दोष मानत नाहीत. उलट सगळे नंबर जुळले, तर जाणकार जरा बारकाईने बघतात!

गोष्ट विकत घेताय?

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला एका कोल्टचा लिलाव झाला. किंमत साठ लाख डॉलरच्या वर! शेरीफ पॅट गॅरेटने १८८१ मध्ये ‘बिली द किड’ला मारलं, ते हे रिव्हॉल्व्हर. पोलाद तेच, कारखाना तोच. पैसे पडले ते गोष्टीचे. आणि गोष्ट म्हटलं की थापा आल्याच. जुन्या डॉज सिटीचा प्रसिद्ध बॅट मास्टरसन याचा एक किस्सा सांगतात. एक कलेक्टर त्याच्या मागेच लागला, तेव्हा त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक जुनं कोल्ट आणलं, मुठीवर खाचा पाडल्या आणि दिलं त्याच्या हातात. प्रत्येक खाच म्हणजे एक माणूस, असं समजून तो गडी खूश!

म्हणून आज सगळे कागद मागतात. कोल्टचा अर्काइव्ह विभाग सीरियल नंबरवरून जुन्या वह्या शोधतो आणि पत्र देतो. हे रिव्हॉल्व्हर कधी, कुणाकडे, किती लांब नळीसह पाठवलं, ही माहिती त्यात असते. दादाचं म्हणणं सरळ आहे. “विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची, विकत घ्यायची नाही.”

सेफ्टी की ओरिजिनल?

दादाकडे १९७३ पूर्वीचं रूगर आहे. त्या जुन्या रचनेत घोड्याखाली भरलेली गोळी असेल आणि रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, तर ते उडू शकतं. म्हणून जुनी माणसं सहा घरांत पाचच गोळ्या भरायची. १९७३ पासून रूगरने रचना बदलली. जुन्या रिव्हॉल्व्हर्समध्येही कंपनी सुरक्षित भाग फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग परत पाठवते. तरी कित्येक कलेक्टर ते बसवत नाहीत, कारण ‘ओरिजिनल’पण जातं! दादाने बसवून घेतलं, मूळ भाग डबीत ठेवले. “घरात पोरं आहेत गं,” एवढंच म्हणाला. मला त्याच्या कलेक्शनमधली सगळ्यात किमती वस्तू ती डबीच वाटते.

कारण ही शेवटी शस्त्रं आहेत. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरच्या घोडदळाकडे हीच कोल्ट होती. त्या दिवशी लाकोटा आणि शायेन जिंकले, पण पुढे जमीन गेली ती त्यांचीच. ‘पीसमेकर’ या नावातली शांतता नेमकी कुणाची, हा प्रश्न प्रत्येक शोकेससमोर उभं राहून विचारायला हवा.

आपल्याकडे चालू स्थितीतल्या बंदुकीला लायसन्स लागतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य नागरिकाला दोनहून जास्त ठेवता येत नाहीत. त्यामुळे असं कपाटभर कलेक्शन इथे होणं कठीण आणि खरं सांगायचं तर मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. पण या वेड्यांकडून एक सवय उचलण्यासारखी आहे. आजीचा अडकित्ता असो की आजोबांचं घड्याळ, घासूनपुसून नवं करू नका. ते कुणाचं, कधीचं, कुठून आलं, एवढं एका कागदावर लिहून सोबत ठेवा. अजून सांगणारं कुणी घरात आहे, तोवर!