बाळाला कुशीत निजवावे का?

शलमोन राजापुढे आलेल्या दोन आयांची गोष्ट आपण जाणतो (१ राजे ३). पण भांडण कशावरून झाले? रात्री झोपेत एक बाळ आईच्या अंगाखाली येऊन दगावले होते. धोका इतका जुना आहे.

मालगुंडहून मी कातकरी वाडीवर जाते. बाळाला वेगळे निजवा म्हटले, तेव्हा एक आजी म्हणाली, "ताई, थंडीचं लेकरू ठेवू कुठं? गोधडी एकच हाय." तिचेही खरेच होते.

जाणकारांतही दोन मते आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना (२०२२) सांगते, खोली एक, अंथरूण वेगळे. स्तनपानाविषयी काम करणाऱ्या डॉक्टरांची संस्था (२०२०) अंगावर पाजणाऱ्या आईला सरसकट मनाई करत नाही, धोके टाळायला सांगते.

दोघांना मान्य तेच मी सांगते : बाळ उताणे निजवा. तोंडावर पांघरूण नको. दारू प्यालेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाच्या अंथरुणात तर मुळीच नको. अपुऱ्या दिवसांचे बाळ आईजवळच, पण वेगळ्या चटईवर. उबेसाठी आईने जागेपणी उघड्या छातीशी धरावे.

सल्ला फुकट देता येतो. चटई आणि उबदार अंगडे मात्र विकत आणावे लागते. आपल्या दानातून बाळंतिणीला तेवढे देऊ या.