घाटावर अनवाणी: मधुमेही पावलांसाठी

- सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजार: साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. झळ बसते डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि नसांना.
- मोठ्या वाहिन्यांचा वेगळा: पायाची धमनी अरुंद होते, चालताना पोटरी दुखते, पाऊल गार पडते. दोन्ही एकत्र असू शकतात.
- बधिरपणा: नसांना झळ बसली की तळवे बधिर होतात. नृसिंहवाडीत दत्तदर्शन अनवाणीच. कृष्णा-पंचगंगा संगमावरचा दगडी घाट दुपारी तापतो. बधिर तळव्याला चटका कळत नाही. फोड दिसतो तो घरी पाय धुताना. पूर ओसरल्यावर गाळात काचही असू शकते.
- तपासणी: 10 ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. वर्षातून एकदा तरी.
- त्याच दिवशी डॉक्टर: जखम, सूज, लाली, काळेपणा. दुखत नसले तरीही.