गाडीवरचा ओरखडा: रंग लावायच्या आधी थर ओळखा

पीएच.डी.त काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, "पत्र्याला रंग लावते, त्यावर मुद्दाम चर पाडते आणि गंज किती पसरला ते मोजते." लोक हसतात, पण काम खरंच तेवढंच आहे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात रत्नागिरीला घरी गेले, तेव्हा बाबा म्हणाले, "एवढं रंगाचंच शिकतेयस, तर बॉनेटवरचा तो टवका तेवढा बघ."

खडी उडून ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडाला होता. मी टच-अपची बाटली आणली, दोन थेंब लावले. पाच मिनिटांत काम फत्ते! गणपतीत परत गेले तर तिथे फोड आलेला. नखाने टोकरल्यावर रंगाचा पोपडा निघाला आणि खाली तांबडा गंज. ज्वारीचा दाणा आता शर्टाच्या बटणाएवढा झाला होता.

रंगात काही खोट नव्हती. तो टवका कुठल्या थरापर्यंत गेलाय, हे मी बघितलंच नव्हतं.

एका रंगात चार थर

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो, ते खरं तर चार थर असतात. पत्र्याला लागून विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, साधारण २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर, ३० ते ४० मायक्रॉन. मग प्रत्यक्ष रंग, फक्त १५ ते २० मायक्रॉन. सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ४० ते ५० मायक्रॉन. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे आकडे थोडे बदलतात. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे सगळं मिळून दोन केसांच्या जाडीत बसतं!

निदान: पाणी आणि नख

आधी जागा धुऊन कोरडी करा. मग ओरखड्यावर पाण्याचा थेंब ठेवा. ओरखडा दिसेनासा झाला तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. असं का होतं? ओरखड्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो, म्हणून तो पांढरट दिसतो. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि क्लिअर कोटचा साधारण १.५. पाणी भरलं की फरक कमी होतो, विखुरणंही कमी होतं.

आता नख आडवं फिरवा. अडकलं तर ओरखडा खोल आहे. तळाशी राखाडी दिसलं तर प्रायमर असू शकतो. धातूची चमक किंवा तांबूस डाग दिसला तर पत्रा उघडा पडलाय.

माझा फोड का आला?

रंगाचा थर पूर्ण जलरोधक नसतो. त्यातून थोडं पाणी आणि ऑक्सिजन आत जातोच. मी गंज आणि समुद्रावरच्या हवेतला खार तसाच आत कोंडला होता. अशा जागी पत्र्यावर छोटा विद्युत-घट तयार होतो. एका ठिकाणी लोखंड विरघळतं. शेजारी, रंगाच्या कडेखाली, ऑक्सिजन आणि पाण्यापासून अल्कली तयार होते आणि ती रंगाची पकड सोडवते. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे हे भराभर पसरतं. शिवाय गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग उचलला जातो.

प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. चर पाडलेला पत्रा ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवतो आणि चरेपासून रंग किती मिलिमीटर सुटला ते मोजतो. बाबांच्या बॉनेटवर तोच प्रयोग कोकणच्या पावसाने केला!

थराप्रमाणे उपाय

फक्त क्लिअर कोटवर ओरखडा असेल तर रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने घासा. यात ओरखडा भरला जात नाही, आजूबाजूचा थर झिजून सपाट होतो. टूथपेस्टने ओरखडा जातो म्हणतात ते याचमुळे. तीही बारीक घासणी असते. पण अति घासू नका, उन्हापासून रंगाला वाचवणारा थर हाच आहे.

प्रायमर दिसत असेल तर गाडीचा कलर कोड पाहून (बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असतो) टच-अप आणा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टूथपिकने पातळ थर द्या, प्रत्येक वाळू द्या. जाड थेंब वरून वाळतो, आत ओला राहतो. शेवटी क्लिअर कोट. आठवडाभराने २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून उंचवटा सपाट करा, मग पॉलिश.

पत्रा उघडा असेल तर आधी गंज पूर्ण काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. मग धातूसाठीचा प्रायमर आणि नंतर वरचीच पद्धत. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची भीती नाही, तिथे घाई नको.

हे काम सावलीत आणि कोरड्या दिवशी करा, पावसाळ्यात नको. थिनरजवळ आग नको, जागा हवेशीर हवी. गंज टवक्याबाहेर रंगाखाली पसरला असेल तर सरळ डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा.

संशोधन करणाऱ्यांसाठी

रंग लावल्याबरोबर माझा टवका "बरा" झाल्यासारखा दिसत होता. डेटातही असंच होतं. विचित्र बिंदू दिसला की तो काढून टाकायचा मोह होतो, आलेख छान दिसतो. पण तो का आला हे न बघता झाकला, तर तो आत वाढत राहतो आणि परीक्षकाच्या प्रश्नाला फोडासारखा वर येतो.

दुसऱ्या वेळी मी गंज काढला आणि आधी दाराच्या आतल्या कडेवर रंग लावून पाहिला. दर भेटीत शेजारी पट्टी ठेवून, त्याच कोनातून फोटो काढला. दोन पावसाळे झाले, फोड नाही. पद्धत सिद्ध झाली का? नाही. एक टवका म्हणजे एकच नमुना, आणि शेजारी दुरुस्त न केलेला टवका तुलनेला ठेवायला बाबा काही तयार नव्हते!

आज घरच्या गाडीवरचा एक ओरखडा शोधा. पाण्याचा थेंब, मग नख. तो कुठल्या थरात आहे ते वहीत लिहा, आणि मगच बाटली उघडा.