मुलाच्या मापाचा कित्ता

देहूरोडच्या मुलांना देवनागरी दोन वळणांनी भेटते. लष्कराची छावणी, ऑर्डनन्स डेपो आणि चाकणपर्यंत पसरलेले कारखाने यांमुळे इथे एकेका जिन्यावर तीन-चार भाषा नांदतात. हिंदीच्या पुस्तकातला ‘ल’ उभ्या दांडीला टेकलेला, मराठीतला दोन पाकळ्यांचा. ‘श’चंही तसंच. ‘ळ’ तर हिंदीच्या मुळाक्षरांत नसतोच. मराठीसाठी कोणतं वळण प्रमाण मानायचं, हे राज्य सरकारने 6 नोव्हेंबर 2009च्या शासन निर्णयात सांगितलं; पण तयार सुलेखन पुस्तिका घेताना ते पान उलटून तपासावं लागतं. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आईबाबांना माझं सांगणं आहे, की कित्ता घरीच तयार करा आणि तो आपल्या मुलाचा हात पाहून करा.

हात पाहायचा म्हणजे लिहून झालेलं पान नव्हे, लिहिण्याची क्रिया पाहायची. मुलाला चार ओळी मनाने लिहू द्याव्यात आणि शेजारी शांत बसावं. ‘व’चा गोल कुठून सुरू होतो? शिरोरेघ शब्द संपल्यावर एका ओढीत येते, की प्रत्येक अक्षरापाशी पेन्सिल अडते? ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी येते, की ‘क’ लिहून झाल्यावर मागे तिच्यासाठी जागा शोधली जाते? उच्चारात नंतर येणारी ही वेलांटी कागदावर आधी येते, म्हणून मुलं तिथे हमखास गोंधळतात. भरलेल्या वर्गात बाईंना प्रत्येकाजवळ असं बसता येत नाही. घरी बसता येतं, आणि या कामात घरच्या शिक्षणाची मोठी ताकद हीच आहे.

मग रेघा आखायच्या. रोमन अक्षर खालच्या रेघेवर उभं राहतं, देवनागरी वरच्या रेघेला लटकतं. म्हणून इंग्रजीची चाररेघी वही मराठीला उपयोगाची नाही. सुरुवातीला अक्षराची उंची 15 मिलिमीटर धरावी, वर मात्रा-वेलांटीसाठी 8 आणि खाली उकारासाठी 7 सोडावेत. एक ओळ 30 मिलिमीटरची झाली. ए-फोर कागदाची उंची 297 मिलिमीटर असते, तेव्हा वर-खाली ऐसपैस समास सोडून आठ ओळी बसतात. हात स्थिरावला की 10, 5 आणि 5 असं माप घ्यावं. त्याच जागेत बारा ओळी होतात. शिरोरेघेची ओळ ठळक, बाकीच्या फिकट. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. पान शिशाने आखून घ्यावं, भोवती मोकळी जागा ठेवावी, एका ओळीच्या मात्रा-उकारांनी दुसऱ्या ओळीला धक्का लावू नये, आणि पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं यावं, हे सारं तिथे आहे. बोरूच्या काळातले हे नियम झेरॉक्सच्या कागदालाही तंतोतंत लागू पडतात.

अक्षरांचा क्रमही बदलायला हवा. वर्णमाला उच्चाराच्या शिस्तीने मांडली आहे. ती तोंडपाठ जरूर व्हावी. पण तिचा पहिलाच ‘अ’ हाताला अवघड, कारण त्यात बरीच वळणं एकत्र येतात. कित्त्यात एका वळणाची अक्षरं एकत्र घ्यावीत: ग-म-भ-न, व-ब-क, प-ष-फ, ट-ठ-ढ, र-स-ख. एक वळण साधलं की पुढची दोन-तीन अक्षरं त्याच्या आधाराने येतात. एका पानावर एकच गट पुरे.

शब्द मात्र मुलाच्या ओळखीचे हवेत. देहूरोडहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलची स्थानकं हा तयार कित्ता आहे. ‘देहूरोड’मध्ये ‘ह’ला दुसरा उकार. ‘बेगडेवाडी’त ‘ब’ आणि ‘व’ यांतला फरक. ‘घोरावाडी’त ‘घ’, ‘तळेगाव’मध्ये ‘ळ’ला मात्रा, ‘कान्हे’त जोडाक्षर, ‘कामशेत’मध्ये ‘श’. आणि ‘मळवली’त तर ‘ळ’ आणि ‘ल’ एकाच शब्दात, ज्या मुलाला दोन वळणांचा घोटाळा होतो त्याच्यासाठी नेमका. ही नावं फलाटावरच्या पाट्यांवर मूल वाचतं, म्हणून ती लिहिताना त्याला अर्थ शोधावा लागत नाही; सगळं लक्ष वळणाकडे राहतं.

ठिपके जोडून गिरवण्याला मर्यादा हवी. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास 2012मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हाताने मोकळं लिहिलेली अक्षरं पुढे पाहताना मुलांच्या मेंदूतला वाचनाशी निगडित भाग जागा झाला. गिरवलेल्या किंवा टंकलेल्या अक्षरांनी तसं झालं नाही. म्हणून ओळीत पहिलं अक्षर ठळक, दुसरं-तिसरं ठिपक्यांचं, आणि पुढची जागा कोरी ठेवावी. प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला एक टिंब आणि दिशेसाठी छोटा बाण पुरतो.

संगणकावर पान करताना एक तपासणी अवश्य करा. युनिकोडमध्ये ‘ल’चा संकेत एकच असतो; पाकळ्यांचा दिसेल की दांडीचा, हे फाँटवर ठरतं. काही फाँटांमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ‘ल’ आणि ‘श’ आपोआप बदलतात. नाही बदलले, तर ती दोन अक्षरं स्केचपेनने हाताने काढून पानाची झेरॉक्स घ्यावी. आईच्या किंवा बाबांच्या हातचं सुवाच्य अक्षर कोणत्याही फाँटइतकंच चांगलं वळण देतं.

घरी शिकणारी मुलं पुढे मुक्त विद्यालयाच्या परीक्षांना बसतात, आणि तिथे तासन्‌तास हातानेच लिहावं लागतं. तेव्हा अक्षर सुंदर असण्यापेक्षा ते न थकता, भरभर आणि वाचता येईल असं येणं महत्त्वाचं. वाचता येणाऱ्या अक्षराचं मोल या परिसराला सांगायला नको. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले अशी परंपरा आहे, आणि त्यांची समाधी देहूजवळच्या सुदुंबऱ्यात आहे. एकाने नीट लिहिलं की ते पुढच्यांना वाचता येतं, लिहायला शिकवण्याचं कारण शेवटी इतकंच असतं. म्हणून दर आठवड्याला कित्त्यातली छापील अक्षरं थोडी कमी करत न्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत मुलाला त्याचं स्वतःचं काही लिहू द्या.