रात्रीचा बॅकअप आणि भिवंडीची गोडाऊनं

मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल उतरवायचा आणि लागेल तसा शहरात न्यायचा, या सोयीवर माणकोली, राहनाळ, काल्हेरच्या पट्ट्यात गोडाऊनं उभी राहिली. मालाबरोबर कागद वाढला. प्रत्येक बिल्टी, सहीशिक्क्याची प्रत्येक पोच स्कॅन होऊन सर्व्हरवर जाऊ लागली. एकेक फाइल किरकोळ, पण संख्या लाखांत. आमचे रात्रीचे बॅकअप कोसळायचे ते या संख्येपायी. हार्ड डिस्कवर किती जीबी आहेत, याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता.

बॅकअप आम्ही आरसिंक या फाइल-कॉपी प्रोग्रॅमने घ्यायचो. 2007 साली आलेल्या सेंटओएस 5 या लिनक्समध्ये मुळात त्याची 2.6.8 आवृत्ती होती. ती कॉपी सुरू करण्याआधी सगळ्या फायलींची यादी मेमरीत तयार करायची. फाइलमागे साधारण 100 बाइट धरले, तर 50 लाख फायलींना 500 एमबी केवळ यादीलाच. तेव्हा 2 जीबी रॅमचा सर्व्हर चांगला समजला जाई आणि त्यावर डेटाबेसही चाले.

खरा घोळ 32 बिटच्या कर्नलचा होता. अशा ठिकाणी रॅम वाढवूनही उपयोग होत नसे. फायलींचे आयनोड आणि डेंट्री, म्हणजे फायलींच्या माहितीच्या आणि नावांच्या नोंदी, असा कर्नल स्वतःच्या, सुमारे 896 एमबीच्या हद्दीतच ठेवतो. बॅकअप लाखो फायलींवरून फिरला की ती हद्द भरायची. लॉग उघडला की ‘हायमेम’मध्ये, म्हणजे त्या हद्दीबाहेरच्या मेमरीत, भरपूर जागा मोकळी दिसे आणि हद्दीतल्या ‘नॉर्मल’मध्ये खडखडाट. खाली ओळ असे: ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, आणि पुढे नाव मायएसक्यूएलचं. आयनोडनी व्यापलेली मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या खात्यावर पडत नाही. मग कर्नल सर्वांत मोठ्या प्रोसेसवर घाव घालतो, आणि तो बहुधा डेटाबेसच असतो. गाड्या भरायची वेळ रात्रीची, त्यामुळे गेटपास निघणं बंद आणि ड्रायव्हर ताटकळत. सगळे डेटाबेसला दोष देत, बॅकअपचं नाव कुणाच्या तोंडी येत नसे.

मार्च 2008 मध्ये आरसिंक 3.0 आलं. ते यादी टप्प्याटप्प्याने करतं, पण दोन्ही टोकांना नवी आवृत्ती लागते. शिवाय ‘डिलीट-आफ्टर’ दिलं की पुन्हा पूर्ण यादी. 2014 च्या सेंटओएस 7 ने 64 बिटचा आग्रह धरला आणि 896 एमबीची अडचण संपली.

1 जुलै 2017 ला जकात गेली, जीएसटी आला. गोडाऊनं मात्र वाढतच राहिली. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने, कंपनीचे हिशेब 8 वर्षं ठेवायचे, म्हणून फोल्डर रिकामा होत नाही. आरसिंक यादी फोल्डरनिहाय करतं. सगळे स्कॅन एकाच फोल्डरात ओतले, तर नव्या आवृत्तीचा फायदा उरत नाही. वर्ष आणि महिन्याप्रमाणे फोल्डर पाडले, तेव्हा कुठे मेमरीचा आलेख सपाट झाला. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत उपयोगी दुरुस्ती, आणि तिला पैसा लागला नाही.

काही ठिकाणी दर तासाला ‘ड्रॉप कॅशेस’ चालवून कर्नलची कॅश रिकामी करण्याची पद्धत रुजली. मला ती पटली नाही. मेमरी क्षणभर मोकळी दिसते, पण पुढची प्रत्येक शोधाशोध थेट डिस्कवर जाते. त्यापेक्षा आता आम्ही बॅकअप सिस्टमडीखाली ‘मेमरीमॅक्स’ची मर्यादा घालून चालवतो. त्याच्या फायलींची कॅशही त्याच मर्यादेत मोजली जाते. ताण आला तर कॅश आधी रिकामी होते, तेवढ्याने भागलं नाही तर बॅकअप मरतो आणि सकाळी पुन्हा लावता येतो. तोवर गेटपास निघत राहतात.